हत्तोरीचा आवाज कोणाचा?

परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा आमच्या होस्टेलवर ‘निंजा हत्तोरी’ बघितला जातो. (लहानपणी मी ‘हातोडी’च ऐकायचो!) हिंदीत बोलणारा हा पोरगा म्हणजे आपल्या मेघना एरंडे. कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी यथातथाच, तरी हे कळल्यावर जाम भारी वाटलं.

मूळ जपानी मालिका १९८१ ची, तिथेही आवाज बाईचाच, जुन्को होरी यांचा. कारण सोपं आहे. मुलाचा आवाज वयात येताना फुटतो, मालिका तर वर्षानुवर्षे चालते.

खरी कसरत वेगळीच. चित्रातलं तोंड आधीच काढलेलं असतं! ते उघडलं की बोलायचं, मिटलं की गप्प. हिंदी वाक्य लांबलं तर शब्द कापायचे, आणि तरी हसू आलं पाहिजे.

परवा म्यूट करून एक सीन मीही करून पाहिला. हत्तोरी केव्हाच गप्प झाला होता, मी बोलतच होतो.