चक्रधरस्वामी : कथा किती, इतिहास किती?

येशू ख्रिस्त नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला, की ती नुसती रचलेली कथा, हा वाद युरोपात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. जर्मनीत ब्रूनो बाउअर यांनी एकोणिसाव्या शतकात ही शंका घेतली. पुढे १९०९ मध्ये आर्थर ड्रूज यांनी एक ग्रंथ लिहून तिला जोर दिला. आज बहुतेक अभ्यासक, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, येशूला ऐतिहासिक व्यक्ती मानतात.

हा वाद परक्या मुलखातला वाटेल, पण नेमका असाच प्रश्न आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या मातीतही विचारता येतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकात लोणार-मेहकर भागात फिरले, असे जुने मराठी ग्रंथ सांगतात. त्या काळाचा आयुष्यभर अभ्यास करणारे डॉ. वि. भि. कोलते हे मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले.

लोणारला गेलात तर काठावर दोन प्रकारच्या हकिकती ऐकू येतात. पहिली लवणासुराची. विष्णूने त्या दैत्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ. भूशास्त्रज्ञ सांगतात, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा काळ्या बेसॉल्ट खडकावर अवकाशातून वस्तू आदळल्याने झाला. दुसरी हकिकत चक्रधरांची. ते लोणारला आले आणि देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आला, असे महानुभाव ग्रंथ सांगतात. जागा एकच, पण या दोन हकिकतींना एकाच तागडीत घालता येईल का?

मला वाटते, येत नाही. लवणासुराला कोणी पाहिले, कोणी कोणाला सांगितले, हे विचारायची सोयच नाही. चक्रधरांच्या बाबतीत ती सोय आहे. स्वामी गेल्यावर काही वर्षांतच म्हाइंभट या शिष्याने अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला राहून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांना आणि इतर सोबत्यांना विचारले, ज्यांनी प्रसंग पाहिला त्यांच्याकडे जाऊन खात्री केली. गावे, देवळे, माणसांची नावे टिपली. पुढे पंथात ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी कुठे थांबले, कुठे बसले, याची ती जणू जंत्रीच.

मूळ पोथी पुढे धाडीत हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. साहजिकच पाठभेद झाले. पण या मंडळींनी ते दडवले नाहीत. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, हे ‘वासना’ म्हणून पोथीतच नोंदवून ठेवले. सगळे साक्षीदार एकाच शब्दांत बोलू लागले, की न्यायाधीशाला संशय येतो. इथे ते वेगळे बोलतात, ही मला पोथीची कमजोरी वाटत नाही, उलट तिच्यावर विश्वास बसतो.

आणखी एक कसोटी अभ्यासक लावतात. भक्ताला अडचणीची वाटेल अशी गोष्ट तो सहसा स्वतःहून रचत नाही. येशूला क्रूसावर गुन्हेगाराचे मरण आले. तारणहार म्हणून ज्याला मानायचे त्याची अशी गोष्ट कोण रचेल? चक्रधरांच्या चरित्रातही हरिपाळदेव असताना ते जुगारात हरले, पत्नीने दागिने द्यायला नकार दिला आणि त्यातून विरक्ती आली, हा प्रसंग आहे. अनुयायांनी तो गाळला नाही.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. येशूचा उल्लेख जोसेफस आणि टॅसिटस या बाहेरच्या इतिहासकारांनी पहिल्या शतकाच्या अखेरीस आणि दुसऱ्याच्या आरंभी केला. चक्रधरांविषयीची माहिती मुख्यतः त्यांच्या अनुयायांकडूनच येते. मात्र त्या चरित्रात वावरणारे कान्हरदेव, महादेवराय, हेमाद्री ही माणसे शिलालेखांतून आणि इतर ग्रंथांतून आपल्याला ठाऊक आहेत. कथेतला काळ आणि इतिहासातला काळ जुळतो.

मग चमत्कारांचे काय? परंपरा सांगते, की भडोचच्या हरिपाळदेवांचा मृत्यू झाला आणि चांगदेव राउळांनी त्यांच्या देहात प्रवेश केला; तेच चक्रधर. शेवटी ते उत्तरापंथे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा. काही जण इथे म्हणतील, ‘असले काही घडत नाही, म्हणजे माणूसही खोटा.’ ही घाई आहे. आपल्याच जिल्ह्यात शेगावचे गजानन महाराज पाहा. १८७८ मध्ये ते शेगावात दिसले, १९१० मध्ये समाधिस्थ झाले. ते होऊन गेले याविषयी कोणालाच शंका नाही. तरीही दासगणूंनी १९३९ मध्ये लिहिलेल्या ‘गजानन विजय’ ग्रंथात चमत्कार भरपूर आहेत. अवघ्या तीस वर्षांत हे घडते. येशूच्या मृत्यूनंतर जवळपास चाळीस वर्षांनी मार्कचे शुभवर्तमान लिहिले गेले, असे मानतात. चमत्काराची कथा आहे म्हणून माणूस नव्हता असे होत नाही. तसेच माणूस होता म्हणून चमत्कार सिद्ध झाला, असेही नाही.

महानुभाव पंथ ‘पंचकृष्ण’ मानतो: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राउळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. भक्ताच्या दृष्टीने पाचही सारखेच खरे. इतिहास मात्र प्रत्येकाजवळ थांबून साक्षीपुरावा विचारतो. पहिली दोन नावे पुराणांकडे नेतात. गोविंदप्रभू आणि चक्रधर यांच्यापर्यंत येता येता आपण रिद्धपूरच्या आणि लोणारच्या वाटेला लागलेले असतो. भक्ती आणि चौकशी यांची कामे वेगळी आहेत, एवढे मान्य केले तर दोघांनाही एका घरात राहता येते.

ही चौकशी करून मिळवायचे काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की चक्रधरांना कल्पित ठरवले, तर त्यांच्याबरोबर कितीतरी माणसे पुसली जातात. स्वामींना सतत प्रश्न विचारणारी आणि ‘धवळे’ रचणारी महदाइसा मग कोण? मेहकरच्या बोणेबाई कोण? स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा अधिकार आहे, सोवळे-ओवळे मनाला लावून घेऊ नका, शिकवण मराठीतच ठेवा, असे यादवांच्या काळात सांगणारा कोणी प्रत्यक्ष होता, हे मानण्यात आणि ती एक सुंदर कल्पना होती असे म्हणण्यात मोठा फरक आहे. माणसाने केले असेल, तर ते माणसाला करता येते. महदाइसेला स्वामी प्रश्न विचारू देत, हे जर घडले असेल, तर आज आपल्या घरातल्या मुलीला तसेच विचारू द्यायला आपल्याजवळ सबब उरत नाही.

या ग्रंथातील काही मजकुरावर पंथातल्या मंडळींनी हरकत घेतली होती. श्रद्धेची जागा दुखावली की असे होते, आणि अभ्यासकाने ती दुखावणूक तुच्छ मानू नये. पण म्हाइंभटांनीच ‘मला असे सांगितले, त्याला तसे सांगितले’ लिहून ठेवले. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून विचारत राहणे हा त्यांच्या कामाचा मानच आहे. पुढच्या खेपेस लोणार पाहायला गेलात, तर खळगा पाहून परत फिरू नका. ‘स्वामी इथे थांबले होते का, आणि हे कोण सांगते?’ एवढा प्रश्न जरूर बरोबर घेऊन जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)