इसब : त्याची ओळख व त्याची निगा



ज्या विकारानें माणूस सहसा दगावत नाहीं, पण सारें घर रात्रभर जागें राहतें, अशा एका विकाराविषयीं आज बोलावयाचें आहे. डॉक्टर त्याला ‘अ‍ॅटॉपिक एक्झिमा’ म्हणतात. आपल्या बोलींत तो इसबाचाच एक प्रकार. तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल, लसणारे चट्टे उठतात. मूल मोठें झालें म्हणजे ते कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणींत उतरतात, आणि खाजवून खाजवून तेथील कातडी जाड व काळपट होते. शाळेंत अशा मुलाच्या बाकावरचा सोबती हळूच सरकून बसतो. म्हणून सर्वांत आधीं सांगावयाची गोष्ट ही कीं, हा विकार एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं.

जे लागतात ते निराळे. खरूज ही अतिसूक्ष्म किड्यामुळें होते, बोटांच्या बेचक्यांत दिसते व बहुधा घरांतील अनेकांस एकदमच होते. गजकर्ण बुरशीपासून होतें व त्याची कड गोल, उठावदार असते. इसब मात्र बहुधा पहिल्या पांच वर्षांच्या आंत सुरू होतो, वारंवार उलटतो, आणि पुष्कळदां त्या कुटुंबांत कोणास दमा किंवा वारंवार शिंका येण्याची खोड असते. या नात्यावरूनच 1923 सालीं अमेरिकेंतील कोका व कुक या दोघांनीं ‘अ‍ॅटॉपी’ हें नांव काढलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अस्थानीं असलेलें, विलक्षण’ असा आहे.

मग याचें मूळ कशांत आहे? आपल्या त्वचेचा वरचा थर हा गच्चीच्या गिलाव्यासारखा आहे. गिलाव्यास बारीक तडे गेले कीं पावसाचें पाणी आंत झिरपतें. त्वचेस तसे तडे गेले कीं आंतील ओलावा उडून जातो, आणि बाहेरची धूळ, साबण व जंतु आंत शिरून दाह उत्पन्न करतात. 2006 सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, हा थर घट्ट राखणाऱ्या ‘फिलॅग्रिन’ नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांत दोष असल्यास या विकाराचा संभव वाढतो. सर्वच रोग्यांत हा दोष असतो असें नाहीं. परंतु ‘रक्त बिघडलें’ या जुन्या समजुतीपेक्षां ‘गिलावा कच्चा आहे’ ही समजूत अधिक खरी व अधिक उपयोगी आहे. दाहामुळें खाज, खाजविल्यामुळें नवे तडे आणि तड्यांमुळें पुन्हा दाह, असें हें रहाटगाडगें चालतें.

आमच्या वांद्र्यास समुद्र जवळ; हवा दमट. दमट हवेंत त्वचा कोरडी कशी पडेल, असें कोणी विचारील. पण चैत्र-वैशाखांतला खारा घाम कच्च्या त्वचेस झोंबतो. पावसाळ्यांत ओलसर भिंतींवर बुरशी धरते व गाद्यांतून धुळींतले सूक्ष्म कीटक माजतात. डिसेंबर-जानेवारींत जमिनीवरून येणारा कोरडा वारा, आणि बाराही महिने वातानुकूलित खोली, हीं त्वचेंतला ओलावा शोषून घेतात. घाम आला कीं साध्या पाण्यानें अंग धुवावें. कपडे सुती व सैल असावेत.

उपचाराचा पाया म्हणजे स्नान व लेप. कोमट पाण्यानें पांच-दहा मिनिटांत स्नान उरकावें. कढत पाणी नको. डाळीचें पीठ व उटणें लावून रगडण्याची आपली हौस अशा मुलास सोसत नाहीं. सुगंधी साबणही वर्ज्य. अंग टॉवेलानें टिपावें, घासूं नये, आणि तें ओलसर असतांनाच साधी, सुगंधरहित पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनीं सांगितलेलें स्निग्ध मलम भरपूर लावावें. चट्टे गेले तरी हा लेप सोडूं नये.

दाह भडकला कीं स्टेरॉईडच्या मलमाची गरज पडते, आणि येथें आपल्या घरांत दोन टोकें दिसतात. 1952 सालीं सल्झबर्गर व विटन यांनीं हायड्रोकॉर्टिझोनचा गुण प्रसिद्ध केल्यापासून हें औषध या रोगाचा आधार होऊन बसलें आहे; तरी कित्येक आईबाप नांव ऐकतांच भिऊन तें लावीतच नाहींत, व मूल तळमळत राहतें. उलट दुसरीं घरें दुकानदाराच्या सांगण्यावरून स्टेरॉईड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांचें मिश्र मलम महिनेमहिने चोळतात. त्यानें कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, आणि मूळ विकार गजकर्णाचा असला तर तें लपून पसरतें. म्हणूनच 2018 सालीं भारत सरकारनें अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. योग्य तीव्रतेचें मलम, योग्य जागीं, सांगितलेले दिवस लावावें. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्याएवढी रेघ म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेस पुरते.

आहाराविषयींही घाई नको. तपासणीवांचून दूध, अंडें, शेंगदाणे एकदम बंद केल्यास इसब राहतो आणि मूल मात्र वाळतें. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठत असतील, तर डॉक्टरांस दाखवावें.

दोन खुणा मात्र कधींही दुर्लक्षूं नयेत. चट्ट्यांवर पिवळ्या खपल्या धरून पू येऊं लागला, तर जंतूंचा संसर्ग झाला असें समजावें. आणि ताप येऊन एकसारख्या बारीक, दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असूं शकतो. अशा वेळीं त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

शेवटीं, मुलास ‘खाजवूं नकोस’ असें दटावून खाज थांबत नाहीं. नखें कापावीत, हातांस कांहीं काम द्यावें, आणि खाजेच्या जागीं थंड ओलें फडकें ठेवावें. वर्गांत त्याला पंख्याजवळची जागा द्यावी, व शेजारच्या मुलास खरें काय तें सांगावें. पुष्कळ मुलांचा हा विकार वाढत्या वयाबरोबर सौम्य होतो. तोंवर उपाय लागू पडत आहे कीं नाहीं, हें ओळखण्यास एक घरगुती माप पुरेसें आहे : मूल रात्रभर स्वस्थ झोपतें कीं नाहीं, तेवढें पाहावें.