नवा पीसी सारखा क्रॅश होतोय? आधी रॅम बघा

नवापूरकरांनो, आपलं रेल्वे स्टेशनच अर्धं गुजरातेत, तेव्हा पीसीचे पार्ट सुरतेहून आणणारे आपल्याकडे असणारच. जोडणी झाली, विंडोज बसलं आणि गेम उघडताच निळी स्क्रीन आली, तर लगेच ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालू नका.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. ते मेमरी ट्रेनिंग. घाबरून स्विच बंद करू नका (लाइट गेली तर नाइलाज!).

खोक्यावरचा ६००० हा एक्सएमपी किंवा एक्सपोचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचा वेग. बायोसमध्ये ते प्रोफाइल बंद केलं की रॅम ४८०० किंवा तशाच मूळ वेगावर येते. एवढ्याने क्रॅश थांबले तर स्टिक बहुधा धडधाकट आहेत, तो वेग झेपत नाहीये इतकंच. बायोस अपडेट करा, नाहीतर ५६०० वर भागवा. चार स्टिक लावल्या की हा त्रास वाढतो. माझं मत विचाराल तर दोनच घ्या, आणि चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटात बसवा.

मूळ वेगावरही क्रॅश? पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून चारही पास रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आली तरी नापास. मग एकेक स्टिक त्याच स्लॉटात तपासा, दोषी कोण ते कळेल.

बदलून घ्यायला जाताना बिल, एररचा फोटो आणि किटमधल्या दोन्ही स्टिक सोबत न्या.