रक्तातला दोष शोधणारे विद्यार्थी

आपल्याकडे वैद्यकाचे शिक्षण म्हटले की एमबीबीएस एवढेच डोळ्यांसमोर येते. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले की मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे तीच परीक्षा देत राहतात आणि शेवटी खचून जातात. पण रोगाचे मूळ शोधणारे सगळेच काही डॉक्टर नसतात. रसायनशास्त्र, जीवशास्त्र शिकलेले कितीतरी विद्यार्थी विद्यापीठांत व संशोधन संस्थांत हे काम करीत असतात. या शास्त्राला मॉलिक्युलर मेडिसिन, म्हणजेच रेणूंचे वैद्यक म्हणतात.

रेणूंचे वैद्यक म्हणजे काय?

पूर्वी रोग अवयवात शोधत. सूक्ष्मदर्शक आल्यावर तो पेशीत शोधू लागले. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सिकलसेल या रोगात बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच असतो. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ. तो कसा बनवायचा याची सूचना आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत असते. त्या सूचनेतले एखादे अक्षर चुकले तरी रोग होऊ शकतो.

थॅलॅसेमिया हा असाच रोग. एकाच पालकाकडून दोष आला तर मूल ‘वाहक’ होते. ते सहसा धडधाकट असते. मात्र आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक या प्रमाणात मूल रोगी होण्याची शक्यता असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातून साठणारे लोह काढण्यासाठी औषधेही सतत घ्यावी लागतात. घराची किती ओढाताण होत असेल, याची कल्पना करावी.

मुंबईत काय चालते?

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. रक्ताच्या आनुवंशिक रोगांवर येथे संशोधन होते आणि विद्यार्थी पीएच.डी.ही करतात. थॅलॅसेमियाचे दोनशेहून अधिक दोष जगात सापडले आहेत. पण भारतातील बहुतेक रुग्णांत त्यांपैकी पाच-सहाच आढळतात. कोणत्या समाजात कोणता दोष जास्त, हे आधी कळले की तपासणी नेमकी आणि कमी खर्चात होते. गर्भाची तपासणीही त्यामुळेच शक्य झाली. देशातील सहा शहरांत ५६,७८० जणांची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरांत जवळपास तीन जण या रोगाचे वाहक आढळले.

वाट कशी?

बी.एस्सी.नंतर जीवरसायन, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयात एम.एस्सी. करावी. पुढे ‘नेट’ परीक्षेत फेलोशिप मिळाली तर पीएच.डी.साठी पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व नंतर ४२,००० रुपये मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. घरभाडे भत्ता वेगळा. पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे जातात, धीर लागतो; पण शेतकऱ्याच्या मुलीला ही वाट बंद नाही.

आपण काय करावे?

लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर टॉनिक बदलत बसू नये. डॉक्टरांना विचारून ‘हिमोग्लोबिन ए-टू’ची तपासणी करून घ्यावी. नमुना शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येतो. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात अजून आहे. नात्यातल्या लग्नात दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते. तेव्हा पत्रिकेबरोबर दोघांच्याही रक्ताचा रिपोर्ट पाहावा. लग्न आधीच झाले असेल, तर मूल राहण्यापूर्वी किंवा गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीस तपासणी करावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वाहक असणे हा रोग नव्हे. त्यापायी मुलीला नावे ठेवू नयेत, ठरलेले लग्न मोडू नये. दोघांपैकी एक वाहक नसेल, तर मुलाला थॅलॅसेमियाचा हा गंभीर रोग होत नाही.