मास्तरांची उन्हाळी उमेदवारी

गणिताच्या तासाला लॉगॅरिथमचं कोष्टक फळ्यावर मांडून झालं, की मागच्या बाकावरून एखादा तरी मुलगा विचारतोच, "सर, हे पुढे कुठे लागतं?" प्रश्न उद्धटपणाचा नसतो. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं असतं. पुष्कळदा उत्तर मिळतं, "परीक्षेत लागतं." वर्ग हसतो, तास पुढे सरकतो आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं आयुष्य कसं गेलं ते पाहा. लहानपणी तो शाळेत गेला, मग कॉलेजात गेला, तिथून शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि पुन्हा शाळेतच आला. आधी बाकावर बसत होता, आता फळ्यापाशी उभा राहतो, एवढाच फरक. ज्या विज्ञानाने कारखाने चालतात, औषधं बनतात, नळाचं पाणी शुद्ध होतं, ते विज्ञान चालताना पाहण्याची संधी त्याला कोणी दिलीच नाही. पोहायला शिकवणाऱ्याला नदीवर कधी नेऊ नये, तसाच हा प्रकार झाला.

या अडचणीवर अमेरिकेत एक साधा उपाय काढण्यात आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकाला कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत कामाला लावायचं. पाहुणा म्हणून नव्हे, कामकरी म्हणून. आपल्याकडे सुताराच्या किंवा फिटरच्या हाताखाली पोरगा उमेदवारी करतो ना, तशीच ही मास्तरांची उमेदवारी. तिची हकीकत आपल्यालाही विचारात घेण्यासारखी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळांतल्या विज्ञानाची काळजी वाटू लागली. शिक्षकांसाठी विद्यापीठांत उन्हाळी वर्ग चालत होतेच. त्यांच्यावर आता भराभर पैसा खर्च होऊ लागला. भारतातही १९६३ पासून अशी उन्हाळी शिबिरं भरू लागली. हे वर्ग उपयोगी होते यात शंका नाही. पण त्यांत शिक्षक पुन्हा बाकावरच बसत असे. समोर प्राध्यापक, हातात वही. त्याला नवी माहिती मिळे. पण काम करण्याचा अनुभव वेगळा असतो, तो अशाने येत नाही.

पुढचं पाऊल पडलं १९८५ साली, कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात. संगणकाचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने तिथे दाटीने उभे होते आणि त्यांना पुढेमागे गणित-विज्ञान जाणणारी माणसं लागणार होती. तिथल्या काही कंपन्या आणि बर्कली इथल्या विद्यापीठाचं लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स यांनी मिळून एक संस्था काढली. गणित-विज्ञान शिक्षणासाठी उद्योगांचा पुढाकार, असा तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ. पुढे ती 'इग्नायटेड' या नावाने ओळखली गेली. असेच उपक्रम अमेरिकेत इतरत्रही सुरू झाले. जॉर्जिया राज्यात तिथल्या तंत्रशास्त्राच्या विद्यापीठाने १९९१ पासून शिक्षकांना उन्हाळ्यात उद्योगांत आणि प्रयोगशाळांत पाठवायला आरंभ केला.

योजनेची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक असते आणि पुष्कळ शिक्षकांची नेमणूक शाळेच्या महिन्यांपुरतीच असते. सुट्टीत पोटासाठी दुकानात किंवा रंगकामावर जाणारे शिक्षक तिथे नवलाचे नाहीत. तेव्हा पहिली गोष्ट अशी ठरली, की या कामाचा मोबदला द्यायचा. फुकट राबवायचं नाही. दुसरी गोष्ट, मुदत साधारण आठ आठवड्यांची. दोन दिवसांत कारखाना पाहून होतो, पण कळत नाही. तिसरी गोष्ट, शिक्षकाला खरं काम द्यायचं, जे त्याने केलं नाही तर कंपनीचं काही अडेल असं. आणि चौथी, कंपनीतला एक जाणता माणूस त्याला सोबतीला द्यायचा. कॅलिफोर्नियातल्या योजनेत वेळेची वाटणीही ठरलेली होती. नव्वद टक्के वेळ कंपनीच्या कामाला आणि दहा टक्के वेळ, इथे शिकलेलं वर्गात कसं न्यायचं हे ठरवायला. त्यासाठी प्रत्येक शिक्षकाने लेखी योजना करायची.

आता तुम्ही म्हणाल, गणिताचा मास्तर कारखान्यात जाऊन करणार काय? एक उदाहरण घेऊ. बाटल्या भरण्याचं एक यंत्र आहे. प्रत्येक बाटलीत ५०० मिलिलिटर औषध पडायला हवं. पण कुठलंही यंत्र दर वेळी नेमकं तेवढंच भरत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे होतंच. समजा या चढउताराचं प्रमाण विचलन २ मिलिलिटर आहे. दर तासाला चार बाटल्या उचलून त्यांची सरासरी काढली, तर सरासरीचं विचलन ४ च्या वर्गमुळाने, म्हणजे २ ने भागून १ मिलिलिटर येतं. त्याची तिप्पट दोन्ही बाजूंना धरली, की मर्यादा मिळाल्या ४९७ आणि ५०३. यंत्र ठीक चाललं असेल, तर हजारातून जेमतेम तीन वेळा सरासरी या रेघांच्या बाहेर जाईल. ती गेली, की समजावं, काहीतरी बिघडलं आहे. यंत्र थांबवून पाहा. आत असेल, तर उगाच स्क्रू पिळत बसू नका.

या आलेखाला कंट्रोल चार्ट म्हणतात. अमेरिकेच्या बेल टेलिफोन उद्योगात काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी तो १९२४ साली मांडला. हेच शूहार्ट पुढे १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या बोलावण्यावरून भारतातही येऊन गेले. सांगायचं ते हे, की सरासरी, प्रमाण विचलन आणि वर्गमूळ या तिन्ही गोष्टी शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत असतात. पण ज्या शिक्षकाने एकदा स्वतः चार बाटल्या उचलून तो ठिपका आलेखावर मांडला आणि यंत्र थांबवायचं की चालू ठेवायचं हे ठरवलं, त्याच्या शिकवण्यात विचलन ही नुसती किंमत काढायची चीज राहत नाही. तो निर्णय घेण्याचं साधन होतो.

दुसरं उदाहरण आणखी साधं. मुलं भागाकार करून उत्तरात दशांश चिन्हापुढे सात आकडे लिहितात आणि आपण त्यांना गुण देतो. लेथवर काम करणाऱ्यापुढे ठेवलेल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. एवढी सूट, तिला टॉलरन्स म्हणायचं. स्क्रूगेज ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजतं, त्यापुढचा आकडा त्याला दिसतच नाही. जे मोजलं नाही ते लिहू नये, ही शिस्त कारखान्यात एका दिवसात अंगी लागते. वर्गात ती वर्षभर सांगूनही लागत नाही.

आणि लॉगॅरिथम? दुधाच्या डेअरीतल्या किंवा पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत आम्लता मोजतात, तिचा पीएच हा आकडा लॉगॅरिथमचाच. पीएच ७ वरून ६ वर आला, तर आम्लता एकाने नव्हे, दहापट वाढली. ५ वर आला, तर शंभरपट. हे ज्याने हाताने मोजलं, त्याला मागच्या बाकावरच्या मुलाला उत्तर द्यायला अडचण पडणार नाही.

पण माझ्या मते या उमेदवारीचा खरा लाभ उदाहरणांचा नाही. उदाहरणं पुस्तकातही सापडतात. खरा लाभ असा, की वर्षानुवर्षं उत्तरं माहीत असलेले प्रश्न विचारणारा माणूस, उत्तर कोणालाच माहीत नसलेल्या प्रश्नापुढे उभा राहतो. पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहायची सोय नसते. पहिले काही दिवस त्याला काहीच कळत नाही. आपल्याहून वयाने लहान असलेल्या माणसाला विचारावं लागतं. केलेलं मोजमाप चुकतं, पुन्हा करावं लागतं. आपलं मुलांचं तरी शाळेत दुसरं काय होत असतं? न कळणं म्हणजे काय, हे ज्याला ताजं ताजं आठवतं आहे, तो शिक्षक वर्गात जरा वेगळ्याच धीराने उभा राहतो.

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण मुलांना त्याचा उपयोग होतो का? हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तपासून पाहिला. तिथे १९९० साली अशीच एक योजना सुरू झाली. फरक इतकाच, की शिक्षक कारखान्यात नव्हे, तर विद्यापीठाच्या संशोधनशाळेत काम करत. सलग दोन उन्हाळे, दर उन्हाळ्यात आठ आठवडे. आणि आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनी एकत्र बसून वर्गातल्या शिकवण्याचा विचार करायचा. या शिक्षकांच्या मुलांचे निकाल त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांच्या मुलांच्या निकालांशी ताडून पाहिले आणि २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

निकाल असा. योजनेत येण्याच्या आधीच्या वर्षी दोन्ही गटांतली मुलं राज्याच्या विज्ञान परीक्षेत सारख्याच प्रमाणात पास होत होती. योजनेत आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र उमेदवारी केलेल्या शिक्षकांच्या मुलांचं पास होण्याचं प्रमाण १०.१ टक्क्यांनी अधिक निघालं. लक्षात घ्या, फळ दिसलं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आंब्याचं कलम लावलं, की त्याच उन्हाळ्यात आंबे मागायचे नसतात. आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, की हे शिक्षक आपणहून पुढे आलेले होते आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक थोडक्यात उतरला. तेव्हा हा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण दिशा दाखवणारा खचित आहे.

एक शंका नेहमी काढली जाते. शिक्षकाला कारखान्याची हवा लागली, की तो शाळा सोडून तिकडेच जाईल. पगार तिकडे अधिक. शंका रास्त आहे. पण कोलंबियाच्या पाहणीत उलटंच आढळलं. उमेदवारी केलेले शिक्षक वर्ग सोडून जाण्याचं प्रमाण कमी झालं. योजनेवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे शाळांचे १.१४ डॉलर वाचले, असाही हिशेब तिथे मांडलेला आहे. माणूस नुसत्या पैशामुळे काम सोडत नाही. आपल्याला कोणी विचारत नाही, आपण जुने झालो, या भावनेनेही सोडतो. ज्याला कोणी कामाचा माणूस म्हणून बोलावलं, तो ताठ मानेने वर्गात परततो.

दुसरी शंका अधिक खोल आहे. शाळा म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारं खातं व्हायचं का? मुळीच नाही. म्हणून तर तो दहा टक्के वेळ महत्त्वाचा. तो कंपनीचा नसतो, वर्गाचा असतो. तो काढून टाकला, तर राहते ती केवळ उन्हाळी नोकरी.

आपल्याकडे हे जमेल का? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत, असं म्हटलं आहे. हे ५० तास पुन्हा बाकावर बसून भाषणं ऐकण्यात घालवायचे, की त्यांतले काही एखाद्या प्रयोगशाळेत घालवायचे, हे ठरवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी मोठी कंपनीच हवी असं नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलॅरिमीटरने रसातली साखर मोजतात, आणि प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा धडा तो हाच. उन्हाळ्यात गाळप संपलेलं असतं, यंत्रं दुरुस्तीसाठी उघडलेली असतात. एरवी जे झाकलेलं असतं ते पाहायची हीच वेळ. गावची डेअरी, नगरपालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र, औद्योगिक वसाहतीतलं एखादं लहान वर्कशॉप, कुठेही आरंभ करता येईल.

तुम्ही शिक्षक असाल, तर सुट्टीपूर्वी एक यादी करा. मुलांनी विचारलेले आणि आपल्याला उत्तर न देता आलेले पाच प्रश्न लिहून ठेवा आणि ते कुठे सुटतील त्या दारात जा. तुम्ही कारखानदार असाल, तर एका शिक्षकाला चहा पाजून यंत्रं दाखवून परत पाठवू नका. एक काम द्या, एक सोबती द्या आणि त्याच्या कष्टाचे पैसे द्या. आणि तुम्ही शाळा चालवत असाल, तर तो परतल्यावर त्याला एवढंच विचारा, "आता वर्गात काय बदलणार?" त्याच्या उत्तरासाठी वेळापत्रकात थोडी जागा मोकळी ठेवा. एका शिक्षकाच्या हाताखालून दर वर्षी मुलांचा एक नवा वर्ग जातो. त्याचा एक उन्हाळा त्या सगळ्यांच्या उपयोगी पडतो, हा हिशेब करायला मात्र लॉगॅरिथमची गरज नाही.