मैदान आणि नशा

व्यसनाधीनता हा मनाचा दुबळेपणा नसून मेंदूचा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले असले, तरी मुलगा मैदानावर रमला की नशेची धास्ती मिटली, असे नांदेड-लातूरकडचे पालकही बहुधा धरून चालतात. टोनी ॲडम्स या इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द पाहता हे गृहीतक टिकत नाही. 1983 साली, सतराव्या वर्षी आर्सेनल या क्लबकडून पहिला सामना खेळलेला आणि एकविसाव्या वर्षी कर्णधार झालेला हा बचावपटू 1990 च्या अखेरीस दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. सुटून आल्यावर कर्णधारपद कायमच राहिले आणि पिणेही. शरीर दारूला सरावले की तेवढ्याच अमलासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि ती अचानक तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. सामने जिंकणाऱ्याला कोणी हटकत नाही, म्हणजे खेळानेच आजार झाकला, असे येथे म्हणावे लागते.

सप्टेंबर 1996 मध्ये ॲडम्सने आपण मद्यपाशात असल्याचे जाहीर केले आणि ‘फक्त आजचा दिवस’ प्यायचे नाही, एवढाच निश्चय रोज नव्याने करणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांच्या संघटनेची वाट धरली. त्यानंतर 1998 आणि 2002 साली त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने लीग व एफए कप ही दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली; मधल्या काळात, 2000 साली, त्याने व्यसनग्रस्त खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था उभारली.

नागपूरच्या अखिलेश पॉलचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तो व्यावसायिक खेळाडू नव्हता. नशा आणि गुन्हेगारीत अडकलेला असताना तो विजय बारसे यांनी 2001 साली सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ या वस्तीतल्या मुलांच्या फुटबॉल उपक्रमाच्या मैदानावर आला, 2010 मध्ये रिओ दि जानेरोच्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला आणि पुढे वस्तीतल्या मुलांचा प्रशिक्षक. चेंडूत औषधी गुण नसतो. पण रोज ठरल्या वेळी वाट पाहणारे सवंगडी असले, की नशेला मोकळी सापडणारी संध्याकाळ भरून निघते.

उपचारांना मात्र पर्याय नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे.