एका गोगलगायीचे मूळ गाव

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आमच्या वाचकांना सुपरिचित आहे. वरून गरीब आणि निरुपद्रवी दिसणारी व्यक्ती आतून निराळीच निघाली, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी तिचा उपयोग करतात. गंमत अशी, की प्राणिशास्त्रानेही या प्राणिवर्गाला 'उदरपाद', म्हणजे ज्याचा पाय पोटाशी आहे तो, असेच नाव दिले आहे. आज ज्या सागरी गोगलगायीची हकीकत आम्ही सांगणार आहोत, तिला ही म्हण दोन्ही अर्थांनी लागू पडते. कारण ती तब्बल सतरा वर्षे भलत्याच नावाने आणि भलत्याच मुलखाची रहिवासी म्हणून विद्वानांच्या ग्रंथांत नांदत होती.

हा प्राणी बोटाच्या पेराएवढा. बागेतल्या गोगलगायीसारखा भक्कम शंख त्याला नसतो. बुडबुड्यासारखे फुगीर, पातळ आणि चिमटीत सहज फुटेल असे कवच असते, आणि तेही मऊ अंगाच्या घडीखाली बरेचसे झाकलेले. डोक्यावर ढालीसारखे एक मांसल पटल असते. त्याच्या साह्याने तो खाडीच्या चिखलात वाट काढतो. अंग तपकिरी-काळपट आणि ठिपकेदार असल्यामुळे तो चिखलात चटकन दिसत नाही. चिखलावर व पाणवनस्पतींवर साचणारे सूक्ष्म शेवाळ हे त्याचे अन्न. प्रत्येक प्राणी उभयलिंगी असतो आणि अंडी चिकट गोळ्यांच्या रूपाने घातली जातात.

१८९५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विख्यात शंखशास्त्रज्ञ हेन्री पिल्सब्री यांनी जपानी समुद्रातील या जातीचे वर्णन करून तिला 'हॅमिनिया जॅपोनिका' असे नाव दिले. त्या काळी अशी वर्णने बहुधा कवचावरूनच केली जात. परंतु या कुळातील कवचे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की केवळ त्यांवरून जात ठरवणे म्हणजे केवळ अंगरख्यावरून माणूस ओळखण्यासारखे होय.

पुढे १९८९ साली अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील एका गोगलगायीचे वर्णन ग्लेनिस गिब्सन आणि फू-शियांग चिया या संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांना तिच्यात एक विलक्षण गोष्ट आढळली होती. तिच्या एकाच अंडपुंजातून दोन प्रकारची पिल्ले बाहेर पडत. काही पाण्यात पोहणारे डिंभ, तर काही थेट चिखलावर सरपटू लागणारी छोटी गोगलगाय! काही संततीने घराजवळ राहावे आणि काहींनी दूर जावे, अशी ही दुहेरी तजवीज. म्हणून तिला 'कॅलिडेजेनिटा' असे नाव मिळाले. त्या लॅटिन नावाची फोड 'चतुराईने जन्मलेली' अशी होते. तिची तुलना त्या किनाऱ्यावरील दोन सगोत्र जातींशी करण्यात आली, ती त्यांहून निराळी ठरली, आणि एका नव्या जातीचे बारसे झाले. पुढे १९९३ साली स्पेन व इटलीच्या किनाऱ्यांवरही ती आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हा ही अमेरिकन जात युरोपात पोहोचली, असे मानले गेले.

इकडे १९९९ साली कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एक अनोळखी गोगलगाय सापडू लागली. कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचे टेरेन्स गॉसलिनर आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बेरेन्स यांनी तिचा शोध घेण्याचे मनावर घेतले. त्यांनी कवच बाजूला ठेवून प्राण्याचे अंतरंग पाहिले. डोक्यावरील पटलाला मागच्या बाजूस खोल खाच पडून दोन पाळ्या झालेल्या आहेत काय? जिभेवरील सूक्ष्म दातांची पट्टी कशी आहे? अन्न दळणाऱ्या जठरातील कठीण पट्ट्या कशा आहेत? जननेंद्रियांची रचना कोणती? आणि मुख्य म्हणजे, शेजारच्या जातींबरोबरच त्यांनी महासागरापलीकडच्या जपानी जातीशीही तिची तुलना केली. २००६ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोची पाहुणी, वॉशिंग्टनची 'कॅलिडेजेनिटा' आणि जपानची 'जॅपोनिका' या तिन्ही एकच! शास्त्राच्या नियमानुसार जुने नाव खरे ठरले आणि १९८९चे नाव मागे पडले. गिब्सन व चिया यांनी तिच्या जननाविषयी केलेली निरीक्षणे मात्र आजही मोलाची आहेत.

२०१३ साली संशोधकांच्या एका गटाने निरनिराळ्या देशांतील नमुन्यांची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहिली आणि या निर्णयाला पुष्टी दिली. एवढेच नव्हे, तर अमेरिका व युरोपातील या वसाहतींचे मूळ जपानच्या ईशान्य भागात असल्याचेही दाखवले. आज वर्गीकरणकारांनी तिला 'हलोआ' या प्रजातीत हलविले आहे, तरी 'जॅपोनिका' हे तिचे जातिनाम कायम आहे.

आता प्रश्न असा, की ही गोगलगाय एवढा पॅसिफिक महासागर ओलांडून गेली कशी? उत्तर कालवांच्या व्यापारात आहे. वॉशिंग्टन राज्यातील सॅमिश उपसागरात १९१९ साली जपानहून कालवे आणण्यात आली. मोठी कालवे प्रवासात बहुतेक मेली. पण त्यांच्या शिंपल्यांना चिकटलेली बारीक पिल्ले जगली. तेव्हापासून कालवांचे 'बियाणे' जपानहून पेट्या भरभरून येऊ लागले, आणि त्याचा फार मोठा भाग ईशान्य जपानमधील मियागी प्रांतातून येत असे. शिंपल्यांच्या खाचाखोचांत कोणी बिनतिकिटाचा प्रवासी दडला आहे काय, हे पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. वनस्पती किंवा प्राणी आपल्या मुलखातला की उपरा, हे ठरवताना शास्त्रज्ञ जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकमेकांशी जुळतात. पूर्वीच्या पाहणीत ती तेथे आढळली होती काय? दूरच्या दुसऱ्या ठिकाणी ती पूर्वापार आहे काय? आणि तेथून येथवर येण्याची वाट सापडते काय?

आमचे काही वाचक म्हणतील, 'चिखलातल्या किड्याचे नाव चुकले तर बिघडले काय?' बिघडते ते असे. ज्या जातीला आपण स्थानिक समजतो, तिच्या फैलावाकडे कोणी संशयाने पाहत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात अवघ्या काही वर्षांत या पाहुणीची संख्या अफाट वाढली, आणि तिच्याच गोत्रातील तेथली मूळची जात मात्र दुर्मिळ होत गेली.

दुसरा परिणाम माणसांनाच भोगावा लागला. २००५ साली त्या उपसागराच्या काठी आलमेडा येथील रॉबर्ट क्राउन स्मारक किनाऱ्यावर पाण्यात खेळून आलेल्या अनेकांच्या अंगावर खाजरे पुरळ उठले. शोध घेता त्याचे मूळ याच गोगलगायीत सापडले. पक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या एका चपट्या कृमीची बाल्यावस्था तिच्या शरीरात वाढत होती. पक्ष्यांच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात; त्यांतून निघालेला जीव गोगलगायीत शिरतो, तेथे त्याची संख्या वाढते, आणि मग असंख्य सूक्ष्म डिंभ पाण्यात येऊन पक्ष्याची त्वचा शोधू लागतात. माणसाच्या कातडीत ते चुकून शिरतात आणि तेथेच मरतात. जिवाला धोका नाही. पण खाज मात्र असह्य. विशेष म्हणजे याच आलमेडाच्या किनाऱ्यावर १९५०नंतरच्या दशकातही असाच उपद्रव नोंदला गेला होता. तेव्हाची वाहक होती अटलांटिक किनाऱ्यावरून, कालवांच्याच सोबतीने आलेली दुसरी एक गोगलगाय.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. या कृमींच्याच कुळातील, पण माणसाला खराखुरा रोग देणाऱ्या जातीचे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी उघडकीस आले होते. डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी १९५२ साली त्याविषयी लिहिले. तेथेही संशोधनाची दिशा गोड्या पाण्यातील एका इवल्याशा गोगलगायीपर्यंत पोहोचली. रोगाचा वाहक कोण, हे ओळखल्यावाचून रोगाची वाट अडवता येत नाही, हाच त्याचा धडा.

शिवाय आमच्या गोमंतकीय वाचकांच्या दारातच मोठे बंदर आहे. जहाजे आपला तोल राखण्यासाठी पोटात समुद्राचे पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडतात; त्याबरोबर असंख्य सूक्ष्म जीव देशांतर करतात. यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि सप्टेंबर २०१७मध्ये अंमलात आला. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही या विषयाचा अभ्यास केला आहे.

आपल्या मुलांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर एखादा अनोळखी प्राणी दिसला, तर त्याला चिरडू नये आणि घाईने नावही देऊ नये. त्याचे वरून व बाजूने छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, जागा, तारीख व पाण्याची स्थिती टिपावी, जवळ अंडी असल्यास तीही पाहावीत, आणि ही माहिती एखाद्या महाविद्यालयातील जाणकाराला दाखवावी. अशी साधी टिपणेच पुढे पुरावा ठरतात. एका किनाऱ्यावर अमुक साली अमुक जात नव्हती, हे सांगायलाही कोणाची तरी जुनी वही लागते.

जाता जाता एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. 'परका प्राणी' हा शब्दप्रयोग शास्त्रात ठीक आहे. माणसांना तो लावण्याचा मोह टाळावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. आणि या प्रकरणात तरी दोष गोगलगायीचा नाही. ती आपणहून निघाली नव्हती. माणसाने आपल्या लाभासाठी कालवे नेली आणि तिला नकळत सोबत नेले. म्हणून दुसऱ्या मुलखाचा माल आपल्या खाडीत सोडण्यापूर्वी त्याच्यासोबत कोण आले आहे हे नीट पाहणे, आणि आलेल्याचे खरे नाव शोधणे, ही जबाबदारीही माणसाचीच आहे.